प्लास्टर बांधताना हात भाजल्यासारखा होणे साहजिक आहे का? आईच्या हातावर फोड आला आहे

गोदाकाठ (परभणी) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या आईचे वय सत्तरीच्या आसपास असून तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. मे महिन्यात अंगणात पाय घसरून ती हातावर पडली आणि उजव्या मनगटाजवळचे हाड मोडले. जवळच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढून हाड बसवण्यात आले आणि तळहातापासून कोपराच्या खालपर्यंत कच्चे प्लास्टर, म्हणजे ज्याला तेथील मंडळी स्लॅब म्हणतात ते, बांधण्यात आले. वेळ भर दुपारची होती आणि नेमकी त्याच सुमारास लाइट गेल्यामुळे पंखा बंद होता. स्लॅब बसवून वरून पट्टी गुंडाळल्यावर तिचा हात रेक्झिनच्या उशीवर ठेवण्यात आला. थोड्याच वेळात ती म्हणू लागली की, आतून भाजते आहे. प्लास्टर गरम होतच असते, जरा वेळाने आपोआप थंड होईल, असे तिला सांगण्यात आले आणि ते खरेही ठरले, कारण अर्ध्या तासात हात निवला. त्यामुळे आम्हीही तो विषय तेथेच सोडून दिला.

सूज उतरल्यावर तपासणीसाठी स्लॅब उघडला, तेव्हा मनगट व्यवस्थित दिसले. मात्र कोपरापासून साधारण चार बोटे खाली, हाताच्या मागच्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढा पाण्याने भरलेला फोड आणि भोवती लालसर डाग होता. डॉक्टरांनी त्यावर ड्रेसिंग केले असून आता पुढच्या आठवड्यात पक्के प्लास्टर बांधायचे आहे. मला कोणाचीही तक्रार करायची नाही, हाड उत्तम बसले आहे असे दुसऱ्या ठिकाणीही सांगण्यात आले. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की, हा फोड प्लास्टरच्या उष्णतेने आला असेल का, प्लास्टर किती गरम होणे साहजिक मानावे आणि पक्के प्लास्टर बांधताना आपण रुग्णाच्या बाजूने काय विचारावे किंवा काय काळजी घ्यावी.

अंबाजोगाईचा शिक्षक

मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून फोडाविषयी काही बोलणार नाही. उष्णता कोठून येते एवढे मात्र सांगू शकतो. जिप्सम हे खनिज, जे आपल्या देशात मुख्यतः राजस्थानातून येते, ते भट्टीत साधारण 120 ते 150 अंशांपर्यंत तापवले की त्याच्या स्फटिकांत बांधलेल्या पाण्यापैकी तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि जी पांढरी भुकटी उरते तिलाच आपण प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणतो. या भुकटीत पुन्हा पाणी घातले की ती ते पाणी स्फटिकांत परत ओढून घेते, सुयांसारखे बारीक स्फटिक एकमेकांत गुंततात आणि लगद्याचा दगड होतो. ही क्रिया उष्णता बाहेर टाकणारी आहे. प्लास्टर घट्ट होणे आणि प्लास्टर गरम होणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत. त्यामुळे अजिबात गरम न होणारे प्लास्टर ऑफ पॅरिस मिळणे शक्य नाही.

आता प्रमाण पाहू. 1 किलो कोरडे प्लास्टर पूर्ण घट्ट होताना ढोबळमानाने 110 ते 130 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एवढ्या उष्णतेने 1 लिटर पाण्याचे तापमान 26 ते 31 अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात 100 ग्रॅम प्लास्टरला रासायनिक क्रियेसाठी 18 ते 19 ग्रॅमच पाणी लागते, परंतु मिश्रण हाताळता यावे म्हणून आपण त्याच्या तिप्पट पाणी घालतो आणि हे जादा पाणीच थोडी उष्णता शोषून घेते. तरीसुद्धा 1 किलो प्लास्टरमध्ये 600 मिलिलिटर पाणी घातले आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर गणिताने तापमान सुमारे 40 अंशांनी वाढते. म्हणजे मिश्रण 25 अंशांवर असेल तर ते 65 अंशांच्या आसपास जाईल आणि 40 अंशांवर असेल तर 80 अंशांच्या.

हातावरच्या पातळ स्लॅबमध्ये अर्थातच एवढे तापमान होत नाही, कारण दोन्ही पृष्ठभागांतून उष्णता निसटत असते. गोम येथेच आहे. उष्णता किती निर्माण होणार हे जाडीवर ठरते, पण ती किती निसटणार हे पृष्ठभागावर ठरते. थर दुप्पट केले की उष्णता दुप्पट होते, पृष्ठभाग मात्र तेवढाच राहतो. त्यातच आपल्याकडच्या मे महिन्याची एक वेगळी अडचण आहे, जिचा विचार थंड प्रदेशातील पुस्तकांत फारसा नसतो. खोलीतली हवाच 40 अंशांच्या वर असेल तर प्लास्टर त्याहून अधिक तापेपर्यंत हवा त्याची उष्णता घेऊच शकत नाही. अशा वेळी प्लास्टर निवण्याचा एकच खात्रीचा मार्ग उरतो, तो म्हणजे त्यातल्या पाण्याचे बाष्पीभवन. मराठवाड्याची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे ते चांगले होऊ शकते, परंतु त्यासाठी ओला पृष्ठभाग उघडा हवा आणि त्यावरून वारा वाहायला हवा. आपल्या वर्णनात पंखा बंद आहे, वरून पट्टी आहे आणि खाली रेक्झिनची उशी आहे. उशीच्या बाजूने ना वारा, ना बाष्पीभवन. आतला स्पंज तर उष्णता अडवण्यासाठीच केल्यासारखा. त्या बाजूची उष्णता शरीराकडेच वळणार.

निवृत्त ड्रेसर (छत्रपती संभाजीनगर)

मास्तरांनी छान समजावून सांगितले आहे. माझी सगळी नोकरी प्लास्टर रूममध्ये गेली, म्हणून हाताने केलेल्या कामाच्या बाजूने थोडे लिहितो.

प्लास्टर कोमट लागणे ही रोजची बाब आहे आणि आम्ही स्वतःच रुग्णाला आधी सांगून ठेवत असू की, पाच-दहा मिनिटांनी ऊब जाणवेल, घाबरू नका. ऊब जाणवणे आणि भाजणे यांत मात्र फरक आहे आणि तो रुग्णालाच सर्वांत आधी कळतो. रुग्ण दोनदा ‘भाजते आहे’ म्हणाला, तर तोंडी समजूत न काढता स्लॅबवर बाहेरून आपला तळहात ठेवून पाहायचा. बाहेरूनच चटका बसत असेल, तर पट्टी कापून स्लॅब सरळ उचलून बाजूला ठेवायचा, त्वचा पाहायची आणि नव्याने बांधायचा. एक-दोन बँडेज (प्लास्टरची भुकटी लावलेल्या पट्ट्या) वाया गेली तर त्याची किंमत फार नाही. स्लॅब हा अर्धाच असतो, पूर्ण नळी नसते, त्यामुळे तो काढायला करवत लागत नाही. हाच त्याचा मोठा गुण आहे आणि अशा वेळी त्याचा उपयोग करून घ्यायला हवा.

आता पाण्याविषयी. बँडेज भिजवण्याचे पाणी साधारण 24 अंशांच्या आसपास किंवा त्याहून थोडे थंड असावे. हिवाळ्यात नळाचे पाणी आपोआप तसे असते. उन्हाळ्यात मात्र गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी जे पाणी येते, ते अंघोळीला विसण घालावे लागेल असे असते आणि तेच पाणी बादलीत घेऊन बँडेज भिजवली जातात. त्यात कोणाचा हेतू वाईट नसतो. नळ सोडला, बादली भरली, एवढेच. उलट गर्दीच्या ओपीडीत गरम पाणी सोयीचे वाटते, कारण प्लास्टर लवकर आवळते आणि पुढचा रुग्ण घेता येतो. परंतु लवकर आवळणे म्हणजे तेवढीच उष्णता थोड्या वेळात बाहेर पडणे, आणि सुरुवातच 40 अंशांवरून झालेली असते. आमच्याकडे मार्च लागला की प्लास्टर रूममध्ये माठ भरून ठेवण्याची पद्धत होती. कोरड्या हवेत माठ उत्तम गार होतो. त्यातले पाणी बादलीत मिसळले आणि पाण्याचा थर्मामीटर घालून पाहिला की काम भागते. बर्फाचे पाणी वापरू नये, कारण मग प्लास्टर आवळायला फार वेळ घेते आणि तेवढा वेळ हाड जागेवर धरून बसावे लागते.

बादलीतले पाणी बदलणे ही आणखी एक दुर्लक्षित गोष्ट आहे. सकाळपासून त्याच पाण्यात बँडेज भिजवत गेले की तळाशी पांढरा गाळ साचतो. तो गाळ म्हणजे घट्ट झालेल्या प्लास्टरचे कण असून ते नव्या प्लास्टरमध्ये गेले की तेही लवकर आवळू लागते आणि अधिक तापते. बँडेज पाण्यातून काढल्यावर किती पिळावे, हाही सवयीचा भाग आहे. फार घट्ट पिळले तर उष्णता शोषणारे जादा पाणी निघून जाते; अजिबात न पिळले तर त्वचा आणि प्लास्टर यांच्यामध्ये गुंडाळलेला कापूस भिजून चिंब होतो, आणि ओला कापूस कोरड्या कापसाइतका आडोसा देत नाही.

सर्वांत महत्त्वाचे मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण त्याविषयी मला आपल्याकडून एक माहिती हवी आहे. हाताच्या स्लॅबला साधारण 8 ते 10 थर घेतात, पायाच्या स्लॅबला 12 ते 15. स्लॅब मोजताना थोडा लांब झाला, तर कात्रीने कापून टाकण्याऐवजी टोक मागे दुमडण्याची सवय पुष्कळांना असते. दुमडलेल्या ठिकाणी 10 थरांचे 20 होतात. कृपया आठवून किंवा जुना स्लॅब जवळ असेल तर पाहून सांगा, कोपराकडचे टोक दुमडलेले होते का आणि फोड बरोबर त्याच जागी आहे का?

गोदाकाठ (परभणी)

आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. जुना स्लॅब आम्ही टाकून दिला नव्हता, म्हणून आता समोर ठेवून पाहिला. कोपराकडचे टोक खरोखरच तीन-चार बोटे आत दुमडलेले असून तेथील जाडी उरलेल्या भागाच्या दुप्पट दिसते. फोडाची जागा त्या दुमडलेल्या भागाच्या मध्यावर येते आणि हात उशीवर टेकला होता तोही हाच भाग. पाणी कोठून घेतले हे मी पाहिले नव्हते, परंतु खोलीच्या कोपऱ्यातल्या नळाखाली बादली होती, हे आठवते. माझी शंका आता अशी आहे की, हा फोड उष्णतेचाच असे ठामपणे म्हणता येईल का, कारण आमच्या शेजारच्या काकांचे म्हणणे असे की, हाड मोडल्यावर सुजेमुळेही फोड येतात.

अस्थिशल्यचिकित्सक, लातूर

आपल्या शेजारच्या काकांचे म्हणणे चुकीचे नाही. हाड मोडल्यानंतर सूज वेगाने वाढली की त्वचेच्या थरांत पाणी साचून फोड येतात. ते बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत आणि जेथे हाड मोडले त्याच्या आसपास येतात, घोट्याजवळ विशेष करून. आपल्या आईचे हाड मनगटाजवळ मोडले आहे आणि फोड हाताच्या वरच्या भागात, म्हणजे पुष्कळ दूर आहे. तिसरी शक्यता दाबाच्या जखमेची. ती सहसा हाडाच्या टोकावर, जेथे त्वचेखाली मांस कमी असते अशा जागी होते आणि हळूहळू वाढते. कोपराच्या टोकापासून चार बोटे खाली उलना, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या हाडाची कड त्वचेला जवळच असते, म्हणून दुमडलेल्या कडक टोकाचा दाबही थोडाफार कारणीभूत असू शकतो. प्रत्यक्ष न पाहता शेवटचा शब्द देणे योग्य होणार नाही. तरीही बांधतानाच भाजल्याची तक्रार, दुप्पट थर, खाली उशी आणि त्याच जागी फोड हे सगळे एकत्र पाहता उष्णतेची शक्यता सर्वांत प्रबळ आहे, असे मी म्हणेन.

किती तापमान किती वेळ सोसवते, याचे उत्तर 1947 साली मोरित्झ आणि हेन्रिकेस या दोन अमेरिकी संशोधकांनी प्रयोगांतून दिले आणि ते आजही आधार म्हणून वापरले जाते. त्वचेचे तापमान 44 अंशांवर राहिले तर भाजण्यास सुमारे 6 तास लागतात. त्यानंतर साधारण 51 अंशांपर्यंत प्रत्येक वाढत्या अंशागणिक हा वेळ ढोबळमानाने निम्मा होत जातो आणि 60 अंशांवर अवघी 5 सेकंद पुरतात. याचा आपल्या संदर्भात अर्थ असा की, नीट बांधलेल्या स्लॅबखाली त्वचा काही मिनिटे 40-42 अंशांवर गेली तर काहीही बिघडत नाही, परंतु तेच तापमान 50 अंशांजवळ गेले तर ती काही मिनिटे पुरेशी ठरतात. सुरक्षित आणि असुरक्षित यांमधील अंतर किती थोडे आहे, हे यावरून ध्यानात येईल. बादलीतल्या पाण्याचे दहा-पंधरा अंश म्हणूनच किरकोळ नसतात.

वय आणि मधुमेह यांचा संबंध दोन ठिकाणी येतो. त्वचेपर्यंत आलेली उष्णता वाहून नेण्याचे काम रक्तप्रवाह करतो आणि तो मंद असेल तर तीच उष्णता अधिक नुकसान करते. शिवाय दीर्घकाळच्या मधुमेहात नसांची संवेदना कमी होते, हाताच्या मानाने पायाची अधिक. आपल्या आईला भाजते आहे हे कळले आणि तिने सांगितले, ही चांगलीच गोष्ट म्हणायची. ज्यांना कळतच नाही त्यांच्या बाबतीत खरी धास्ती असते: संवेदना गेलेले पाय असलेले मधुमेही, कुष्ठरोग होऊन गेलेले रुग्ण, अर्धांगवायूचा झटका आलेले, भूल दिलेल्या अवस्थेत प्लास्टर बांधले जाणारे आणि तान्ही मुले. जन्मतः वाकड्या पावलांसाठी बाळांना दर आठवड्याला प्लास्टर बांधतात, तेव्हा बाळ रडते ते भुकेने, भीतीने की चटक्याने हे कोण सांगणार? तेथे पाण्याचे तापमान आणि थरांची संख्या ही सर्वस्वी बांधणाऱ्याची जबाबदारी असते.

आता पुढच्या आठवड्याचे पाहू. फोड आला आहे म्हणून पक्के प्लास्टर लांबवावे की त्या जागी खिडकी, म्हणजे जखम दिसेल अशी उघडी जागा, ठेवावी, की मनगटाला पुरेल असे आखूड प्लास्टर बांधावे, हा निर्णय आपल्या डॉक्टरांचा. पण फोडाची गोष्ट त्यांना बांधण्यापूर्वी आठवण करून द्या, कारण बंद नळीखाली ती जखम कोणालाच दिसणार नाही. फोड फोडू नका, त्यावर हळद, टूथपेस्ट किंवा शाई लावू नका आणि साखर आटोक्यात ठेवा. बांधण्याची वेळ सकाळची मागून घ्या. सकाळी पाणीही गार असते आणि लाइट जाण्याची शक्यताही कमी. पाण्याविषयी विचारताना संकोच बाळगू नका. ‘डॉक्टरसाहेब, मागच्या वेळी आईला फार भाजले होते, तेव्हा या वेळी पाणी जरा गार घेता येईल का’, असे म्हटल्यास कोणालाही राग येण्याचे कारण नाही. बांधून झाल्यावर हात उशीवर किंवा गादीवर टेकवू नका. पूर्ण निवेपर्यंत कोणीतरी तळहातांवर अलगद पेलून धरावा आणि पंखा सुरू ठेवावा. बोटांच्या टोकांनी धरू नये, कारण ओल्या प्लास्टरवर खळगे पडून ते आत टोचतात. वरून चादर, टॉवेल, ओढणी काहीही घालू नये. हात गळ्यात अडकवण्याची झोळीही निवल्यानंतरच.

एक धोका मात्र या सगळ्याहून गंभीर आहे. उष्णता अर्ध्या-पाऊण तासात संपते. त्यानंतरही वेदना वाढतच असेल, बोटे निळसर किंवा पांढरी पडत असतील, बधिर होत असतील किंवा दुसऱ्याने बोटे सरळ केली असता असह्य कळ येत असेल, तर ती प्लास्टरची उष्णता नव्हे, आत दाब वाढल्याची खूण आहे. तेव्हा रात्र असो की पहाट, तासाभराचीही वाट न पाहता दवाखाना गाठावा.

चित्रकला शिक्षक, नांदेड

विषय प्लास्टरच्या उष्णतेचा निघालाच आहे, म्हणून शाळांच्या बाजूने एक गोष्ट येथे नोंदवून ठेवतो. इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात जानेवारी 2007 मध्ये एका 16 वर्षांच्या विद्यार्थिनीने कलेच्या तासाला स्वतःच्या हातांचे शिल्प करण्यासाठी दोन्ही हात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या बादलीत बुडवून ठेवले. प्लास्टर घट्ट झाले, हात बाहेर निघेनात आणि आतले तापमान सुमारे 60 अंशांपर्यंत गेले. अनेक शस्त्रक्रिया होऊनही तिच्या एका हाताला एकही बोट उरले नाही आणि दुसऱ्या हाताला दोनच उरली. पुढे 2009 मध्ये न्यायालयाने शाळेला 16,500 पौंड दंड केला. वरच्या उत्तरांत जाडीविषयी जे लिहिले आहे, त्याचे याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही: स्लॅबची जाडी काही मिलिमीटर असते, बादलीची वीतभर.

आपल्याकडे स्नेहसंमेलनाच्या आधी किंवा हस्तकलेच्या तासाला हातांचे ठसे घेण्याची टूम आता खेड्यापाड्यांतही पोहोचली आहे, तिचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि प्लास्टरची पिशवी तर पीओपी छताच्या सामानाच्या दुकानात सहज मिळते. ठसे जरूर घ्यावेत, परंतु हात प्लास्टरमध्ये नव्हे, तर ओल्या वाळूत किंवा शाडूच्या मातीत दाबावा, हात बाहेर काढावा आणि मग त्या खळग्यात प्लास्टर ओतावे. पूर्ण हाताची प्रतिकृती हवी असल्यास दातांचे डॉक्टर मापासाठी वापरतात ती अल्जिनेटची भुकटी पाण्यात कालवून तिचा साचा करतात. ती रबरासारखी घट्ट होते, तापत नाही आणि हात सहज सुटतो. प्लास्टर त्या रिकाम्या साच्यात जाते. चेहऱ्याच्या मुखवट्यासाठी दवाखान्यातील प्लास्टर बँडेज वापरणारे असतात. ते करायचेच तर पेट्रोलियम जेली लावून, दोन-तीन थरांच्या पलीकडे न जाता आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. शाळेत मी तेही करू देत नाही.

बीडकर

माझा भाऊ पीओपी छताचे काम करतो. तो दिवसभर घमेल्यात हाताने प्लास्टर कालवतो आणि त्याला कधीच भाजत नाही, मग एवढी भीती कशाला?

अंबाजोगाईचा शिक्षक

आपले बंधू हात घालतात तेव्हा प्लास्टर पातळ असते आणि उष्णता निघायला नुकती सुरुवात झालेली असते. ते घट्ट होऊ लागण्याआधीच छताला लागलेले असते, आणि सर्वाधिक उष्णता घट्ट झाल्यानंतर पुढच्या काही मिनिटांत निघते. घमेल्यात उरलेला गोळा कधी तासाभराने न उचलता, हाताला दगडासारखा लागताच उचलून पाहायला सांगा. तो चांगलाच तापलेला आढळेल. शिवाय ते हात केव्हाही बाहेर काढू शकतात, तसे स्लॅब बांधलेल्या माणसाला करता येत नाही. बांधकामावरील सिमेंटने हाताची साल निघते तो प्रकार वेगळा, तो उष्णतेचा नसून सिमेंटमधल्या अल्कलीचा आहे. छताच्या प्लास्टरमध्ये कधी चुना मिसळलेला असतो, त्यामुळे कातडीला भेगा पडतात. म्हणून बंधूंनी रबरी हातमोजे घातलेले बरे.

गोदाकाठ (परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. शेवटची एकच शंका: आमचे एक नातेवाईक म्हणतात की, पक्क्या प्लास्टरऐवजी फायबरचे बांधून घ्या, ते तापतच नाही. खर्च थोडा अधिक आला तरी हरकत नाही, पण हे खरे आहे का?

अस्थिशल्यचिकित्सक, लातूर

अगदी तापतच नाही असे नव्हे. फायबरच्या पट्टीत काचतंतूंवर पॉलियुरेथेन राळ असते, ती पाण्याने आवळते आणि त्या क्रियेतही उष्णता निघते; परंतु थर कमी लागत असल्यामुळे ती प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मानाने साधारणतः कमी असते. पाणी मात्र तिलाही गारच हवे. फायबर हलके आणि टिकाऊ आहे, आपल्या आईच्या वयाला ते सोयीचे होईल. पण ओले प्लास्टर जसे हाताच्या आकाराबरहुकूम घडवता येते, तसे फायबर घडवता येत नाही, म्हणून हाड पुन्हा सरकण्याची भीती असेल तर काही डॉक्टर प्लास्टरच पसंत करतात. काही ठिकाणी आत प्लास्टर आणि वरून फायबर असे दोन्ही बांधतात. तसे ठरले, तर आतले प्लास्टर पूर्ण निवल्याशिवाय वरचे फायबर गुंडाळू नये, एवढे आवर्जून सांगा. गरम प्लास्टरवर ते गुंडाळले की उष्णता आतच अडकते आणि सांभाळलेले सगळे व्यर्थ जाते. आणि पक्के प्लास्टर काढतानाचे एक आताच सांगून ठेवतो. ज्या करवतीने ते कापतात तिचे पाते गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरते, त्यामुळे कातडी सहसा कापली जात नाही. पण एकाच जागी फार वेळ चालले तर तापते, फायबर कापताना अधिक. आईला चटका जाणवला तर तिने लगेच सांगावे आणि कापणाऱ्याने थांबून पाते ओल्या बोळ्याने गार करावे.